संस्थापक नसलेला संघ : कार्मेलाईटांचे मूळ आणि त्यांची ओळख

एखाद्या धर्मसंघाचे नाव घेतले की पाठोपाठ त्याच्या संस्थापकाचे नाव आपल्या ओठांवर येते. फ्रान्सिस्कन म्हटले की असिसीचे संत फ्रान्सिस, डॉमिनिकन म्हटले की संत डॉमिनिक, जेज्वीट म्हटले की लोयोलाचे संत इग्नेशियस. पण कार्मेलाईट संघ कोणी स्थापन केला, असे विचारले तर भले भले अडखळतात. कोणी संत सायमन स्टॉक यांचे नाव घेतात, कोणी आविलाच्या संत तेरेजाचे, तर कोणी थेट जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याचे. ही तिन्ही नावे संघाला अत्यंत प्रिय आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने यांपैकी एकही उत्तर पुरे पडत नाही. सायमन स्टॉक यांच्या आधी संघ अस्तित्वात होता. संत तेरेजा तर संघाच्या आरंभानंतर साडेतीनशे वर्षांनी आल्या. आणि एलिया हे ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातले. जुन्या कागदपत्रांत संस्थापकाचे नाव शोधू गेल्यास आपल्या हाती लागते ते केवळ एक अक्षर : ‘ब’.

या एका अक्षरामागे मोठा इतिहास दडलेला आहे. ज्या संघाला आपला जन्मदाता ठाऊक नाही, त्याने जगापुढे आपली ओळख कशी सांगावी, हा प्रश्न कार्मेलाईट बंधूंना शतकानुशतके भेडसावत राहिला. त्यांनी त्याची कोणती उत्तरे दिली, त्यांतली कोणती टिकली आणि कोणती गळून पडली, हे पाहणे आपणा सर्वांनाच उद्बोधक ठरेल.

भिक्षाव्रती म्हणजे कोण?

प्रथम एक शब्द नीट समजून घेऊ. तेराव्या शतकापूर्वी युरोपातील व्रतस्थ जीवन म्हणजे मुख्यत्वे मठवासीयांचे जीवन होते. संत बेनेडिक्ट यांच्या नियमाने चालणारा मठवासी ज्या मठात प्रवेश करी, तेथेच तो देह ठेवी. मठाच्या नावावर शेतजमिनी, कुरणे, गिरण्या असत आणि त्यांच्या उत्पन्नावर मठ चाले. पुढे व्यापार वाढला, शहरे फुगू लागली आणि शहरांतून पैसा, विद्या व दारिद्र्य ही तिन्ही एकत्र नांदू लागली. गावाबाहेर भिंतीआड राहणारे मठवासी या नव्या वस्तीपर्यंत पोहोचत नव्हते. अशा वेळी फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांनी नवी वाट पाडली. वैयक्तिक तर नाहीच, पण संघाच्या नावानेही मालमत्ता ठेवायची नाही. आपल्याकडे माधुकरी मागतात त्याप्रमाणे लोकांनी दिलेल्या भिक्षेवर निर्वाह करायचा. एका मठाला बांधून न घेता, पाठवतील तेथे जायचे आणि लोकांच्या वस्तीत राहून सुवार्ता सांगायची. हेच भिक्षाव्रती संघ. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन चर्चचे भग्नावशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दोन संघांची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

ख्रिस्तसभेने ज्यांना प्रमुख भिक्षाव्रती संघ मानले ते चार : फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि कार्मेलाईट. पहिले दोन आरंभापासूनच लोकांत मिसळण्यासाठी जन्मले. उरलेल्या दोघांचे मूळ मात्र एकांतवासात आहे. त्यातही कार्मेलाईटांची कथा सर्वांत निराळी, कारण त्यांचा जन्म युरोपात झालाच नाही. तो झाला प्रभू येशूच्या मायभूमीत.

झऱ्याकाठचे तापस

आजच्या इस्राएल देशातील हैफा शहराजवळ समुद्रात घुसलेली डोंगरांची एक रांग आहे. हाच पवित्र शास्त्रातला कार्मेल. राजांच्या पहिल्या ग्रंथात आपण वाचतो, की याच डोंगरावर एलियाने बआलाच्या पुजाऱ्यांना आव्हान दिले, वेदीवर स्वर्गातून अग्नी उतरला आणि दीर्घ अवर्षणानंतर माणसाच्या तळहाताएवढा लहानसा ढग समुद्रावर दिसला. या डोंगराच्या एका घळीत एक झरा आहे. परंपरेने त्याला ‘एलियाचा झरा’ म्हटले जाते.

११८७ साली सुलतान सलादिन याने जेरुसलेम जिंकले. त्यानंतर झालेल्या तिसऱ्या धर्मयुद्धाने जेरुसलेम परत मिळाले नाही. पण किनाऱ्यालगतची एक चिंचोळी पट्टी पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांच्या हाती राहिली. या पट्टीत, एलियाच्या झऱ्याकाठी, बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी काही पुरुष येऊन राहू लागले. ते युरोपातून आलेले होते. कोणी यात्रेकरू असतील, कोणी शस्त्र खाली ठेवलेले सैनिकही असतील. त्यांची नावे-गावे कोणी लिहून ठेवली नाहीत. डोंगराच्या कपारींत व लहान खोल्यांत ते प्रार्थना करीत राहिले, एवढेच आपण जाणतो.

काही काळाने त्यांना वाटले की आपल्या जीवनाला एक नियम असावा. ते जेरुसलेमचे पॅट्रिआर्क आल्बर्ट यांच्याकडे गेले. जेरुसलेम परसत्तेखाली असल्याने आल्बर्ट यांचे वास्तव्य अक्को बंदरात होते. १२०६ ते १२१४ या काळात केव्हातरी त्यांनी या तापसांना एक छोटेखानी जीवनपद्धती लिहून दिली. ती पत्ररूपाने आहे, आणि ते पत्र लिहिले आहे ‘ब’ला व झऱ्याकाठी त्याच्या आज्ञेत राहणाऱ्या इतर एकांतवासीयांना. पुढच्या पिढ्यांनी या ‘ब’चा ‘ब्रोकार्ड’ केला, पण मूळ पत्रात केवळ अक्षरच आहे. हा ‘ब’ त्यांचा त्या वेळचा प्रमुख होता. तो संस्थापक होता, असे पत्र म्हणत नाही.

आल्बर्ट यांचा नियम अगदी थोडक्यात आहे. प्रत्येकाची खोली स्वतंत्र असावी. दुसरे योग्य काम नसेल तेव्हा प्रत्येकाने आपल्या खोलीत राहून रात्रंदिवस प्रभूच्या वचनाचे मनन करावे. खोल्यांच्या मध्यभागी प्रार्थनामंदिर असावे व शक्य असेल तेथे दररोज सकाळी सर्वांनी मिस्सासाठी तेथे जमावे. कोणीही काही आपले म्हणू नये. ज्याला जसे हवे तसे त्याला वाटून द्यावे. पवित्र क्रूसाच्या सणापासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत उपवास करावा, आजारी वा अशक्त असेल त्याची गोष्ट वेगळी. संत पौलाप्रमाणे हातांनी काम करावे. मौन पाळावे. दर रविवारी एकत्र बसून संघाच्या व आत्म्याच्या हिताविषयी बोलावे. प्रमुखाची खोली प्रवेशद्वाराशी असावी, म्हणजे येणाऱ्याचे स्वागत प्रथम तो करील. आणि शेवटी आल्बर्ट बजावतात की कोणी याहून अधिक केले तर उत्तमच, पण तारतम्य सोडू नये. या नियमात एलियाचे नाव झऱ्याच्या उल्लेखातही येत नाही. पूर्वजांविषयी त्यात अवाक्षर नाही. कसे जगावे, एवढेच त्यात आहे.

आल्बर्ट यांचा अंत करुण झाला. एका रुग्णाश्रमाच्या प्रमुखाला त्यांनी गैरवर्तनाबद्दल पदावरून दूर केले होते. त्या माणसाने १४ सप्टेंबर १२१४ रोजी, पवित्र क्रूसाच्या सणाच्या मिरवणुकीत, त्यांना भोसकून ठार केले.

डोंगर सुटला

पुढच्याच वर्षी, १२१५ साली, लॅटरनच्या चौथ्या विश्वपरिषदेने नवीन धर्मसंघ स्थापन करण्यास मनाई केली. येथून कार्मेलच्या तापसांची अडचण सुरू झाली. आपण त्या मनाईपूर्वीचे आहोत, हे त्यांना वारंवार सिद्ध करावे लागले. पोप होनोरियस तिसरे यांनी १२२६ साली त्यांच्या जीवनपद्धतीला मान्यता दिली आणि तात्पुरता निभाव लागला.

पण तेवढ्यात भूमीच डळमळू लागली. पवित्र भूमीतील ख्रिस्ती सत्ता खिळखिळी होत होती. १२३८ च्या सुमारास बंधूंचे तांडे आपापल्या मायदेशी परतू लागले. सायप्रस, सिसिली, फ्रान्सचा दक्षिण भाग, इंग्लंड असे त्यांचे मठ उभे राहिले. इंग्लंडमधील एल्सफर्ड येथे ते १२४२ साली स्थिरावले.

युरोपात त्यांना कोणी ओळखत नव्हते. त्यांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा विचित्र झगा होता. डोंगरात राहण्याचा नियम घेऊन ते आले होते, पण येथे लोक, दानधर्म, विद्यापीठे, सारे शहरांत एकवटले होते. शेवटी त्यांनी पोप इनोसंट चौथे यांच्याकडे धाव घेतली. पोपमहोदयांनी दोन डॉमिनिकन विद्वानांकडे हे काम सोपवले आणि १ ऑक्टोबर १२४७ रोजी सुधारित नियम मंजूर केला. बदल दिसायला किरकोळ होते. मठ केवळ निर्जन स्थळीच नव्हे, तर योग्य अशा इतर जागीही बांधता येईल. जेवण एकत्र घ्यावे. प्रहरप्रार्थना एकत्र म्हणाव्या. मौनाचे तास कमी करावेत. भिक्षेसाठी प्रवासात असताना यजमानांवर भार पडू नये म्हणून मांसाबरोबर शिजलेली भाजी खाण्यास हरकत नाही. एवढ्याशा फेरफारांनी डोंगरावरचे तापस शहरातले भिक्षाव्रती झाले. लंडन, केंब्रिज, ऑक्सफर्ड, पॅरिस येथे त्यांचे मठ निघाले. बंधू विद्यापीठांत शिकू लागले, प्रवचने देऊ लागले, प्रायश्चित्त संस्कार देऊ लागले.

हे सर्वांना रुचले असे नाही. संघाचे महाप्रमुख निकोलस यांनी १२७० साली आपल्या बंधूंना उद्देशून एक जळजळीत पत्र लिहिले. त्याचे नावच ‘अग्निबाण’. एकांत सोडून शहरात आल्याने आपण आपला आत्मा गमावला. ज्यांना ना पुरेशी विद्या ना अनुभव, ते प्रवचने देत हिंडतात, असा त्यांचा दुखरा सूर होता. पुढच्या वर्षी ते पदावरून दूर झाले. निकोलस हरले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न संघाच्या अंतःकरणात कायमचा रुतून बसला : आपण कोण? तापस की भिक्षाव्रती?

कागदावरची वंशावळ

१२७४ साली लिऑनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेपुढे भिक्षाव्रती संघांचा प्रश्न आला. त्यांची संख्या फार वाढली होती आणि बिशप वैतागले होते. परिषदेने १२१५ नंतर निघालेले कितीतरी संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. गोणपाटाचा झगा घालणाऱ्या बंधूंचा संघ त्या काळी बराच पसरलेला होता. त्यालाही नवे उमेदवार घेण्यास बंदी झाली आणि तो विझून गेला. फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन यांना अभय मिळाले. ऑगस्टिनियन आणि कार्मेलाईट यांच्याविषयी मात्र असे ठरले, की पुढील निर्णय होईपर्यंत त्यांनी आहे तसे राहावे. म्हणजे मानेवर टांगती तलवार! ती दूर व्हायला १२९८ साल उजाडावे लागले, तेव्हा पोप बोनिफास आठवे यांनी त्यांना निःसंदिग्ध मान्यता दिली.

या चोवीस वर्षांच्या भीतीने कार्मेलाईटांच्या इतिहासलेखनाला वळण दिले. १२८१ साली लंडनच्या महासभेने जी घटना तयार केली, तिचे पहिलेच कलम मोठे बोलके आहे. आपला संघ कोणापासून व कसा सुरू झाला असे लोक विचारतात, तेव्हा नव्या बंधूंना उत्तर देता येत नाही. म्हणून त्यांना हे उत्तर पढवून ठेवावे, असे त्यात आहे. उत्तराचा आशय असा : एलिया व अलीशा यांच्या काळापासून जुन्या व नव्या करारातील पुण्यपुरुष कार्मेल पर्वतावर, एलियाच्या झऱ्याकाठी, अखंड परंपरेने तपश्चर्या करीत आले आहेत, त्यांच्याच वारसांना आल्बर्ट यांनी एकत्र आणून नियम दिला.

थोडा विचार केला तर या उत्तरामागचे दुःख कळते. ज्याच्या घराच्या मालकीविषयी शंका घेतली जाते, तो माणूस जुन्यात जुना दस्तऐवज शोधू लागतो. तसेच हे झाले. पुढे एकेक वीट चढत गेली. १२८७ साली मोंपेलिए येथील महासभेने पट्ट्यांचा झगा टाकून पांढरा स्वीकारला. मात्र जुन्या पट्ट्यांचीही एक कथा तयार झाली : अग्निरथातून स्वर्गात जाताना एलियाने आपला झगा अलीशासाठी खाली टाकला, तेव्हा ज्वाळांनी तो जेथे जेथे होरपळला तेथे काळे पट्टे उमटले! १२९१ साली अक्को पडले आणि कार्मेल डोंगर बंधूंच्या हातून पूर्णपणे गेला. डोंगर गेल्यावर त्याची आठवण अधिकच गडद झाली.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅटलोनियाचे प्रांतप्रमुख फिलिप रिबोट यांनी संघाच्या इतिहासाचे एक मोठे संकलन केले. त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, ‘आद्य तापसांचा ग्रंथ’, हा जेरुसलेमचे प्राचीन काळचे बिशप जॉन यांनी लिहिला, असे त्यात म्हटले होते. कित्येक पिढ्यांनी ते खरे मानले. आज अभ्यासक हा ग्रंथ रिबोट यांच्याच काळातला समजतात. १३७४ साली केंब्रिज विद्यापीठात जॉन स्टोक्स नावाच्या डॉमिनिकनाने कार्मेलाईटांच्या प्राचीनत्वावर आणि ‘मरियेचे बंधू’ या उपाधीवर आक्षेप घेतला. जॉन हॉर्नबी या कार्मेलाईटाने त्याला उत्तर दिले आणि पुढील वर्षी विद्यापीठाच्या कुलपतींनी कार्मेलाईटांच्या बाजूने निकाल दिला.

‘मरियेचे बंधू’ या उपाधीविषयी येथे दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण ही बाब एलियाच्या वंशावळीसारखी नाही. कार्मेलवरचे पहिले प्रार्थनामंदिर पवित्र मरियेला वाहिलेले होते, याला तेराव्या शतकातील यात्रावर्णनाचा आधार आहे. तापस जेथे दररोज मिस्साला जमत त्या घराची ती स्वामिनी होती; म्हणून ते तिचे बंधू. सायमन स्टॉक यांना मरियामातेने स्कॅप्युलर दिल्याची १२५१ सालची कथा मात्र आपल्याला चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांतून प्रथम भेटते. इतिहासकार तिच्याविषयी सावधपणे बोलतात. तरीही दरवर्षी १६ जुलैला कार्मेलमातेचा सण साजरा करणाऱ्या आणि गळ्यात स्कॅप्युलर घालणाऱ्या भाविकाला विचलित होण्याचे कारण नाही. स्कॅप्युलर हे मरियेच्या संरक्षणाचे व तिच्यासारखे जगण्याच्या निश्चयाचे चिन्ह आहे. त्याची किंमत ते घालणाऱ्याच्या जीवनाने ठरते, एखाद्या तारखेने नव्हे.

तेरेजाने पूर्वजांचे काय केले

पंधराव्या शतकात युरोपावर युद्धांचे व साथींचे सावट होते आणि मठांतील शिस्त सैलावली होती. १४३२ साली पोप युजीन चौथे यांनी कार्मेलाईटांच्या नियमात सवलती दिल्या. १४५२ पासून स्त्रियांनाही संघात रीतसर स्थान मिळाले. आविला शहरातील अशाच एका मोठ्या मठात तेरेजाने व्रते घेतली होती. २४ ऑगस्ट १५६२ रोजी, चार उमेदवार तरुणींना घेऊन, तिने त्याच शहरात संत योसेफाच्या नावाने लहानसा मठ उघडला. तेथे सवलतींविना मूळ नियम पाळायचा, असा तिचा निर्धार होता. गमतीची गोष्ट ही, की ज्याला ती मूळ नियम म्हणत होती तो आल्बर्ट यांचा पहिला मसुदा नव्हे. तो इनोसंट यांनी सुधारलेला, भिक्षाव्रतींचा नियम होता. म्हणजे तिचे मागे जाणेही डोंगरावरच्या पहिल्या दिवसापर्यंत पोहोचत नव्हते. तरीही तिने जे उभे केले ते अस्सल होते.

तेरेजाही कार्मेलच्या प्राचीन पूर्वजांवर विश्वास ठेवीत असे. परंतु ती त्यांचा उपयोग कशासाठी करते ते पाहावे. आपण त्या तपस्वी पूर्वजांच्या लेकी आहोत, याची आठवण ती आपल्या भगिनींना देते ती मान ताठ करण्यासाठी नव्हे, तर त्यांच्यासारखी प्रार्थना आपल्या हातून होते का, असे विचारण्यासाठी. केंब्रिजच्या वादात पूर्वज हे पुरावा म्हणून उभे केले गेले. तेरेजाच्या हाती ते आरसा झाले.

या सुधारणेसाठी मोठी किंमत मोजावी लागली. १५६८ साली दुरुएलो या खेड्यात पुरुषांचा पहिला सुधारित मठ सुरू करणारे संत जॉन ऑफ द क्रॉस यांना त्यांच्याच संघबंधूंनी डिसेंबर १५७७ मध्ये पकडून टोलेडोच्या मठातील एका अंधाऱ्या कोठडीत डांबले. १५७८ च्या ऑगस्टमध्ये ते तेथून निसटले. पुढे १५९३ साली सुधारित कार्मेलाईटांचा संघ स्वतंत्र झाला. तेव्हापासून आजतागायत कार्मेल कुटुंबात हे दोन संघ आहेत.

सत्य सांगणारा जेज्वीट

सतराव्या शतकात अँटवर्प येथील काही जेज्वीट विद्वानांनी संतांच्या चरित्रांची चिकित्सक छाननी करण्याचे प्रचंड काम हाती घेतले होते. तिथीनुसार ते एकेका संताचे चरित्र प्रसिद्ध करीत. एप्रिल महिन्याच्या खंडात आल्बर्ट यांची पाळी आली. तो खंड १६७५ साली निघाला आणि त्यात डॅनियल पेपब्रोख यांनी शांतपणे दाखवून दिले, की कार्मेलाईट संघाचा आरंभ एलियापासून मानण्यास ऐतिहासिक आधार नाही. संघाची सुरुवात बाराव्या शतकाच्या अलीकडे-पलीकडेच शोधावी लागते.

एकच गदारोळ उठला. पुस्तकांना उत्तरादाखल पुस्तके निघाली. प्रकरण रोमपर्यंत आणि स्पेनच्या इन्क्विझिशनपर्यंत गेले. १६९५ साली स्पॅनिश इन्क्विझिशनने या चरित्रमालेच्या तोवर निघालेल्या चौदा खंडांवर बंदी घातली. अखेर पोप इनोसंट बारावे यांनी १६९८ साली दोन्ही पक्षांना या विषयावर मौन पाळण्याचा आदेश दिला. स्पेनमधील बंदी १७१५ साली उठली. पण ते पाहायला पेपब्रोख नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात, जेथे संघसंस्थापकांचे पुतळे आहेत, तेथे १७२७ साली एलियाचा भव्य पुतळा उभारला गेला आणि त्याखाली त्यांना कार्मेलाईट संघाचे संस्थापक म्हटले गेले. तो पुतळा आजही तेथे आहे.

आज मागे वळून पाहता या वादातील करुण विसंगती जाणवते. पेपब्रोख हे काही श्रद्धेचे शत्रू नव्हते. संतांचे खरे चरित्र लोकांपुढे यावे यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. कार्मेलाईटही वाईट हेतूने भांडत नव्हते. आपली मुळे कोणी उपटून काढत आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. परंतु संघाचा जीव वंशावळीत आहे, ही त्यांची समजूत मात्र चुकीची होती. पुढे इतिहासकारांचे म्हणणे मान्य झाले, आणि तरीही कार्मेलाईट संघ नाहीसा झाला नाही. ना प्रार्थना थांबली, ना उमेदवार यायचे थांबले.

गोवा, मुंबई आणि कार्मेल

या संघाचा आपल्याशीही जवळचा संबंध आला. सुधारित कार्मेलाईटांच्या इटालियन शाखेने मिशनकार्य अंगीकारले आणि पोप क्लेमेंट आठवे यांनी १६०४ साली काही बंधूंना इराणच्या शहाकडे पाठवले. इराणहून ते होर्मुझला आणि तेथून १६२० च्या सुमारास गोव्यात आले. गोव्याच्या मठातच पियेर बेर्थेलो या फ्रेंच खलाशाने व नकाशाकाराने व्रते घेतली. ‘ख्रिस्तजन्माचे डायनिशियस’ हे त्यांचे संघातील नाव. १६३८ साली एका पोर्तुगीज वकिलातीबरोबर ते सुमात्रा बेटावरील आचे येथे गेले असताना त्यांना व त्यांचे सोबती ब्रदर रेडेम्प्टस यांना श्रद्धेसाठी मरण आले. १९०० साली पोप लिओ तेरावे यांनी दोघांना धन्य घोषित केले.

१७२० साली मुंबईच्या इंग्रज सत्तेने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर जाण्यास सांगितले आणि तेथील कॅथॉलिकांची जबाबदारी कार्मेलाईट बिशप मॉरिस यांच्याकडे आली. तेव्हापासून १८५४ पर्यंत, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे, कार्मेलाईटांनी मुंबई सांभाळली. केरळात वरापुळा हे त्यांचे मोठे केंद्र होते. १८३१ साली मान्नानम येथे संत कुरियाकोस चावरा आणि त्यांचे सहकारी यांनी ज्या भारतीय संघाचा पाया घातला, तोही पुढे कार्मेल कुटुंबात सामील झाला. डोंगरातल्या एकांतासाठी लिहिलेला आल्बर्ट यांचा नियम सहा-सात शतकांनी मुंबईच्या गजबजाटात आणि केरळच्या खेड्यांत पाळला जात होता! निकोलस यांच्या ‘अग्निबाणा’ला इतिहासाने दिलेले हे उत्तर म्हणावे लागेल. एकांत हा डोंगरात असतो तसा अंतःकरणातही असतो. तो जपला तर शहरातही कार्मेल उभा राहतो, आणि न जपला तर डोंगरातही नाही.

मूळ कशात आहे?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सर्व धर्मसंघांना आपापल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परतण्याचे आवाहन केले. संस्थापकच नसलेल्या संघाने काय करावे? कार्मेलाईट बंधू आल्बर्ट यांच्या त्या छोट्या पत्राकडे वळले. योगायोग पाहा, १९५८ साली एलियाच्या झऱ्याजवळ उत्खनन सुरू करून जुन्या प्रार्थनामंदिराच्या अवशेषांचा अभ्यास करणारे बेलार्मिनो बगात्ती हे होते फ्रान्सिस्कन. आज कार्मेलाईट स्वतःच मोकळेपणाने सांगतात की एलिया हे आमचे ऐतिहासिक संस्थापक नव्हेत, ते आमचे स्फूर्तिस्थान आहेत. आणि असे म्हटल्याने एलिया दूर गेले नाहीत. उलट अधिक जवळ आले.

याची साक्ष विसाव्या शतकाने रक्ताने दिली. टायटस ब्रॅन्ड्स्मा हे हॉलंडमधील कार्मेलाईट प्राध्यापक व पत्रकार. नाझी राजवटीच्या जाहिराती कॅथॉलिक वृत्तपत्रांनी छापू नयेत, हे सांगण्यासाठी १९४२ च्या जानेवारीत ते एकेका संपादकाच्या दारी गेले. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि २६ जुलै रोजी डाखाऊच्या छळछावणीत त्यांना मारण्यात आले. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये एडिथ स्टाईन ही ज्यू कुळात जन्मलेली कार्मेलाईट भगिनी आउश्वित्झ येथे मारली गेली. अहाब राजासमोर निर्भयपणे उभ्या राहिलेल्या एलियाचे वारस कोण, हे ठरवण्यासाठी येथे कोणत्या जुन्या ग्रंथाची गरज आहे?

आपल्या घराण्याविषयी, गावाविषयी, आपल्या श्रद्धेच्या प्राचीनत्वाविषयी आपणही अभिमानाने बोलतो, आणि तो अभिमान स्वाभाविक आहे. पूर्वजांची आठवण ठेवणे हे कृतज्ञतेचे लक्षण आहे. परंतु त्या आठवणीत एखादी कथा इतिहासाच्या कसोटीला उतरली नाही, तर घाबरून जाऊ नये आणि खरे सांगणाऱ्याला शत्रूही समजू नये. ‘अब्राहाम आमचा पिता आहे’ असे म्हणणाऱ्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने बजावले होते, की देव या दगडांतूनही अब्राहामासाठी लेकरे उत्पन्न करू शकतो. कार्मेलाईट संघाने डोंगर गमावला, पट्ट्यांचा झगा टाकला, शेवटी वंशावळही सोडली. उरले ते आल्बर्ट यांचे पत्र, मरियेचे नाव आणि प्रभूच्या वचनाचे रात्रंदिवस मनन. तेवढ्यावर हा संघ आठशे वर्षे उभा आहे. ज्या ‘ब’ने ते पत्र प्रथम हाती घेतले, त्याचे पूर्ण नाव देव जाणतो, आणि त्या ‘ब’ला बहुधा तेवढेच पुरेसे वाटले असते.